पायरी गाळू नका

संशोधकाने आपल्या कार्यातच निमग्न असावे, सामान्य जनांना शास्त्र समजावून सांगण्यात वेळ दवडू नये, असे मानणारे लोक पुष्कळ आढळतात. मला हे मत मान्य नाही. दुसऱ्यास समजावून सांगणे ही आपल्या ज्ञानाचीच कसोटी होय.

डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे उदाहरण पाहा. १९६१ साली ते केंब्रिज येथे संशोधन करीत होते. विश्वाचे एकंदर रूप काळाबरोबर बदलत नाही, या सिद्धान्तावर त्या वर्षी मोठा आक्षेप आला. गुरू फ्रेड हॉइल यांच्यासमवेत त्यांनी संगणकावर आकडेमोड करून त्याला उत्तर दिले. पुढे बहुतेक शास्त्रज्ञांनी तो सिद्धान्त सोडला. परंतु काटेकोर विचाराचे ते शिक्षण वाया गेले नाही.

संगणक हा कठोर परीक्षक असतो. त्याला प्रत्येक पायरी क्रमाने सांगावी लागते. एक जरी गळली तरी उत्तर चुकते. जिज्ञासू मूलही तसेच. पायरी गाळली की ते विचारते, "असे का?" १९७२ साली भारतात परतल्यावर नारळीकरांनी मराठीतून विज्ञानकथा लिहिल्या. सही मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवण्यास सांगत. उत्तराखाली त्यांची सही येई. हा वेळ वाया गेला, असे कोण म्हणेल?

मुलांनो, शिकलेला धडा धाकट्या भावंडास सांगून पाहा. जेथे अडखळाल, तेथे आपलाच अभ्यास अपुरा आहे, असे समजा.