शाळेचे अंगण : चैत्रातला पट

होळीची राख निवते न निवते तोच आमच्या शाळेच्या अंगणातला कडुनिंब फुलावर येतो, आणि त्याचा तो मंद, कडवट-गोड वास व वार्षिक परीक्षेची धास्ती अशा दोन्ही गोष्टी मुलांच्या डोक्यात एकदमच शिरतात. वडोदऱ्यातला वसंत हा तसा दोन घरचा पाहुणा. होळीला मुलांच्या खिशांत धाणी, चणे आणि खजूर. त्यानंतर पंधरवडा लोटला की गुढीपाडव्याला त्याच मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी. या दोन सणांमध्ये कोणता आपला आणि कोणता शेजारच्यांचा, असा प्रश्न आमच्या मुलांना आजवर पडलेला मी तरी पाहिला नाही.

उन्हामुळे शाळा सकाळची झाली आहे. तेव्हा वाचकहो, भेटीला येणाऱ्यांनी बाराच्या आत यावे. त्यानंतर दाराशी फक्त कुलूप भेटेल.

आधी झालेल्या कार्यक्रमांविषयी. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन नेहमीप्रमाणे झाला, आणि नेहमीप्रमाणेच मोठ्यांची भाषणे मुलांच्या कवितांपेक्षा लांबली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. 11 मार्चला मात्र मजा आली. श्रीमंत सयाजीराव महाराजांची ती जयंती. चौथीच्या मुलांनी त्यांच्या बालपणावर छोटी नाटुकली बसवली होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ 1875 साली बारा वर्षांचा असताना बडोद्याच्या गादीवर दत्तक येतो आणि त्या वयात मुळाक्षरांपासून शिकायला बसतो, एवढाच प्रसंग. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचे चार गुरुजी रंगमंचावर एकामागून एक येतात आणि गोपाळ प्रत्येकापुढे पाटी धरतो. प्रेक्षकांत बसलेला पहिलीतला एक चिमुरडा मध्येच उभा राहून मोठ्याने म्हणाला, “बारा वर्षांचा झाला तरी याला अ येत नाही? मग याला कुणी हसलं नाही का?” सभागृह हसले, पण गोपाळ झालेला मुलगा मोठा हजरजबाबी. तो म्हणाला, “हसले असतील. पण मी राजा होतो ना!”

मला त्या हशात एक गोष्ट राहून राहून आठवत होती. उशिरा शिकायला बसलेल्या या मुलाने पुढे 1893 साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली ती सक्ती साऱ्या राज्याला लागू केली. मुलग्यांना सात ते बारा वर्षे, मुलींना सात ते दहा. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना त्या काळी दंड होत असे. आज दंडाचे दिवस गेले. आता शाळाच पालकांच्या दारी जाऊन उभी राहते. त्याविषयी पुढे लिहायचेच आहे.

ग्रंथालयाची बातमी त्या मानाने सुखाची. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या कपाटाचे खालचे दोन खण बुडाले, हे नियमित वाचकांना ठाऊक आहे. दुर्दैव असे की खालचे खण लहान मुलांचे. हात पोचावेत म्हणून चित्रांची पुस्तके तिथेच ठेवलेली. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या पुस्तकांनी ते खण आता पुन्हा भरले आहेत. कपाटाला मात्र या वेळी विटांचा हातभर उंच ओटा बांधून घेतला, आणि त्याला एक पायरी केली आहे, म्हणजे बालवाटिकेतल्यांनाही चढता यावे. मुले पुस्तकापेक्षा त्या पायरीवरच अधिक वेळ बसतात. बसू देत.

मे महिन्याच्या सुट्टीत पुस्तके कुलपात राहू नयेत यासाठी एक पत्र्याची पेटी घरोघर फिरवण्याचे ठरले आहे. एका घरी आठवडाभर पेटी राहील. त्या वाड्यातल्या किंवा सोसायटीतल्या सगळ्या मुलांनी तिथे येऊन वाचावे. कल्पना नवी नाही. महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले, त्यांच्या व्यवस्थेत पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात. आमची पेटी पत्र्याची आहे आणि रिक्षाने जाईल, एवढाच फरक. पहिली पेटी 19 एप्रिलला निघेल. हा दिवस ताराबाई मोडकांचा जन्मदिवस. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात आल्या, गुजरातीत रमल्या, आणि तिथे मिळवलेले सारे पुढे बोर्डी व कोसबाडच्या मुलांसाठी मराठी मुलखात घेऊन गेल्या. आज देशभर रुळलेली अंगणवाडी ही त्यांच्याच कामातून उगवलेली कल्पना. गुजरात आणि महाराष्ट्र यांच्यामधली देवघेव कशी असते हे मुलांना सांगायला मला याहून चांगले नाव सुचत नाही.

आता पटाविषयी.

फाल्गुनापासून आम्ही तिघीजणी संध्याकाळी घरोघर जात आहोत. पुढल्या जूनमध्ये पहिलीला किती मुले येतील, यावर बरेच काही अवलंबून आहे. शिक्षणहक्काच्या कायद्यानुसार पहिली ते पाचवीत मिळून साठपर्यंत मुले असली तर दोन शिक्षक. म्हणजे पट घसरला की पाच इयत्ता दोघांच्या गळ्यात येतात. मग पालक म्हणतात की शाळेत शिक्षकच नाहीत, आणि पट आणखी घसरतो. एकदा हे चक्र सुरू झाले की काय होते, ते या शहरातल्या बंद पडलेल्या मराठी वर्गांच्या खोल्या सांगतील.

परवा दांडियाबाजारातल्या एका घरी गेलो. मुलगा साडेपाच वर्षांचा. वडील आमचेच विद्यार्थी. पाढे म्हणताना सतराच्या पाढ्यात हटकून अडखळायचे. आई माहेरची गुजराती. आजी खाटेवर बसून कैऱ्यांचे देठ काढत होत्या. चहा झाला, आणि मी विषय काढला.

“बाई, तुमच्याशी खोटं बोलणार नाही,” तो म्हणाला. “मी तुमच्या हाताखाली शिकलो ते सगळं चांगलंच होतं. पण कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्षभर मी वहीत मान घालून बसायचो. सर काय विचारतायत ते कळायचं, उत्तर यायचं, पण तोंड उघडायचं नाही. माझ्या मुलावर ती पाळी नको.”

मी चाळीस वर्षे शिकवले, पण त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. त्याचे बोलणे खोटे नव्हते, आणि तो वर्गात मान घालून बसलेला दिसला की ती मान आपण घडवली होती, असेच वाटते. तेवढ्यात त्याची पत्नी आतून आली. तिचे मराठी सासरी शिकलेले; शब्द मराठी, चाल गुजराती. ती म्हणाली, “इंग्रजी तर सगळीकडे मिळेल. पण हा आजीशी भांडणार कुठल्या भाषेत? आज तो तिच्याशी हिंदीत बोलतो. माझ्या घरात सासू मराठी, मी गुजराती, आणि मुलगा टीव्हीचं हिंदी!” आजींनी देठ काढणे थांबवले नाही, पण त्या हसल्या.

त्या घरातून निघताना तो म्हणाला, “विचार करतो.” माझ्या वहीत त्या मुलाचे नाव मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

त्याच्या बोलण्यावरून दोन गोष्टी मात्र केल्या. दर शनिवारी शेवटचा तास इंग्रजी बोलण्याचा. पुस्तक नाही, परीक्षा नाही, नुसते बोलायचे. त्यासाठी आमची एक माजी विद्यार्थिनी बँकेची नोकरी सांभाळून येऊ लागली आहे. आणि सातवी-आठवी पार करून बाहेर पडणाऱ्यांना पुढे काय जड गेले, हे त्यांनाच बोलावून विचारायचे. हे पंचवीस वर्षांपूर्वी करायला हवे होते.

काही शंका वारंवार विचारल्या जातात, त्यांचे निरसन इथेच करते. मराठी शाळेत घातले तर गुजराती कच्चे राहील, ही भीती निराधार आहे. 2023 च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती अनिवार्यच आहे, आणि आमची मुले ते शेजारच्या ओट्यावर आधीच शिकून येतात. मराठी माध्यम मागणे म्हणजे कुणाकडे भीक मागणे नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे घटनेच्या 350-अ या कलमात 1956 पासून लिहिलेले आहे. पहिलीसाठी 1 जूनला सहा वर्षे पूर्ण हवीत. पाच पूर्ण असतील तर बालवाटिका. जन्माचा दाखला आणावा, पण तो नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा दाखल्यासाठी थांबून घरी बसू नये.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू यंदा शाळेत आहे, चैत्रातल्या दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता. जूनमध्ये ज्यांची मुले यायची त्या मातांना मुद्दाम बोलावले आहे. आज्यांनाही. कुणाच्या कपाळी काय आहे आणि काय नाही, हे न पाहता सर्वांना बोलवावे, असे पालकसभेत ठरले. दोघी-तिघींनी कुरकुर केली, पण एक आजीबाई उठून म्हणाल्या की मुलाला शाळेत सोडायला मी येते तेव्हा तुम्हाला चालते, आणि वाद तिथेच संपला.

आंब्याची डाळ आणि पन्हे शाळेतच होईल. डाळ भिजवण्याचे काम तिसरीच्या पालकांकडे, कैऱ्या किसण्याचे चौथीच्या. पाट्या-वरवंट्याचा आग्रह कुणी धरू नये, मिक्सरची व्यवस्था झाली आहे. किसणी मात्र ज्याची त्याने घरून आणावी. शाळेत एकच आहे, आणि तिची धार गेल्याच वर्षी गेली.