पाटी रिकामी, वीकेंड भारी!

फेब्रुवारी महिना म्हणजे आमच्या ऑफिसात अप्रेझलचा सीझन. एरवी कँटीनमध्ये गळ्यात गळे घालणारी मंडळी या दिवसांत एकमेकांकडे जरा संशयानेच बघतात. यंदा माझ्या वाट्याला काय आलं? पाचपैकी तीन! वर्षभर रात्री दहा-दहापर्यंत बसले, दुसऱ्याचं प्रोजेक्टही अंगावर घेतलं आणि शेवटी शेरा काय, तर ‘अपेक्षेप्रमाणे काम’. बॉस गोड हसून म्हणाला, ‘‘तीन वाईट नाहीये गं.’’ वाईट नाहीये! दहावीला पंच्याऐंशी टक्के पडल्यावर शेजारच्या काकू हेच म्हणाल्या होत्या.

मग मी ठरवलं, या वीकेंडला काहीतरी मोठं पकडायचं. अगदी खराखुरा मासा!

त्याचं असं झालं, की माझं आजोळ मालवणजवळ देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. या पट्टीच्या टोकाला खाडी समुद्राला मिळते, तो संगम. मामेभाऊ तिथे होमस्टे चालवतो, पर्यटकांना कयाकही देतो. मी ऑनलाइन एक झकपक फिशिंग रॉड मागवला, किंमत चार हजार. तीन रात्री झोपायच्या वेळी व्हिडिओ बघून थिअरी पक्की केली. हातात भली मोठी तांबोशी घेतलेला फोटो, कॅप्शनसकट, डोक्यात तयार होता. शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडली, सकाळी कुडाळ, तिथून देवबाग.

मामा पडवीत बसला होता. माझा रॉड त्याने हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि काही न बोलता परत दिला. मामाने तीस वर्षं रापण ओढली आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस माणसं मिळून ओढतात ते मोठं जाळं. आता वय झालं, रापण सुटली. पण रोज दोन-तीन तास तो खाडीवर गरवायला जातो. गरवणं म्हणजे आपलं गळ टाकून मासे पकडणं. त्याचं सामान काय, तर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, एक शिसं, एक गरी आणि डब्यात चार कोळंब्या. बजेट शंभर रुपयेसुद्धा नसेल.

जेवून मी अडीचच्या सुमारास कयाक पाण्यात ढकलली. मामा म्हणाला, ‘‘आज पाण्याक ओढ आसा गो. खालती संगमाकडे जाव नको. हयच बस.’’

मी म्हटलं, ‘‘हो रे मामा.’’ आणि बसलेसुद्धा. वीस मिनिटं! वीस मिनिटांत काही घडलं नाही, तर आपल्या पिढीला कसंतरीच व्हायला लागतं ना? तेवढ्यात खालच्या अंगाला पाण्यावर मोठी खळबळ झाली. मासा! मारलं वल्हं. तिथे पोचले तर खळबळ आणखी पुढे. पुन्हा वल्हं. कयाक काय सही चालली होती म्हणून सांगू! दोन हात मारले की दहा हात पुढे. मला वाटलं, वा, जिमचे पैसे वसूल.

पैसे जिमचे नव्हते, ओहोटीचे होते.

हे कळलं मागे वळल्यावर. वल्हं मारतेय, मारतेय, दंड भरून आले आणि काठावरचा एक वाकडा माड आहे तिथेच. पाच मिनिटं झाली, माड तिथेच. आणखी पाच मिनिटं. मग तर तो हळूहळू पुढे सरकायला लागला, म्हणजे मी मागे. पाठीमागे संगमावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज आता स्पष्ट येत होता. घाईघाईत वळताना कोपर लागलं आणि चार हजारांचा रॉड पाण्यात गेला. त्याच्याकडे बघायलाही सवड नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी मला पाचपैकी तीन आठवले नाहीत, बॉस आठवला नाही. घसा कोरडा पडला होता आणि एकच गोष्ट कळत होती, की आपण काहीतरी मोठी चूक केली आहे.

काठावरून हाक आली. ‘‘कडेक ये! कडेक ये गो!’’ मामा लुंगी वर खोचून वाळूतून माझ्या बरोबरीने धावत होता. सत्तरीचा माणूस! मी सरळ घराच्या दिशेने वल्हवणं सोडलं आणि तिरकी काठाकडे निघाले. पाण्याची ओढ मधोमध जास्त आणि काठाला कमी असते, ही गोष्ट एकाही व्हिडिओत नव्हती. किंवा असेल, मी तो भाग पुढे ढकलला असेल. काठ लागला, खाली उतरले, गुडघाभर पाण्यातून दोरी धरून कयाक ओढत घरी आलो. मामा सगळा वेळ गप्प. घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाला, ‘‘मासो खंय जाणा नाय. पाणी जाता. पयला पाणी बघ.’’

मामीने काही विचारलंच नाही. तिने सकाळीच बांगडे घेऊन ठेवले होते. ‘‘गरवूक गेलेल्या माणसाच्या भरवशावर मी कधी वाटप लावलंय?’’ असं म्हणत तिने तिरफळं घातलेलं तिखलं ताटात वाढलं. फोटो त्या ताटाचाच काढला. कॅप्शन काही सुचेना.

रात्री मामाने भरती-ओहोटीचा फंडा समजावला. पंधरवड्यातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन वाजता. जागेप्रमाणे थोडं पुढे-मागे होतं, पण अंदाज येतो. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. दर दिवशी वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढही जोरात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी त्या मानाने शांत. आणि ओहोटीचा जोर सगळ्यात जास्त कधी? तिसऱ्या-चौथ्या तासात. मी बोटं मोजली. शनिवारी द्वितीया होती. म्हणजे मी अगदी मुहूर्त काढून संगमाकडे गेले होते!

रविवारी सकाळी नऊला आम्ही दोघं निघालो. मामा त्याच्या छोट्या होडीत, मी कयाकमध्ये. या वेळी दिशा उलटी. भरती नुकतीच लागली होती, तिच्याबरोबर खाडीत वर जायचं आणि दुपारी पाणी फिरलं की त्याच्याबरोबर घरी यायचं. दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूने. इतकं साधं!

वल्हं कसं मारायचं तेही त्या दिवशी कळलं. दंडाने ओढायचं नाही, कमरेतून अंग वळवायचं आणि वल्हं हलकं धरायचं. पाऊण तासाने आम्ही कांदळवनातल्या एका आडव्या फाट्यात शिरलो. तिवरांची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी वर आलेली. पाणी चढत होतं तशी एकेक पेन्सिल बुडत होती. या मुळांमध्येच कितीतरी माशांची आणि कोळंबीची पिल्लं वाढतात. पांढरी चिप्पी या कांदळवृक्षाला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं, हे मला पाठ होतं. चिप्पीचं झाड मात्र मामाने दाखवल्यावर पहिल्यांदा पाहिलं.

माझा रॉड तर समुद्राला अर्पण झाला होता. मामाने त्याची जादा गरी दिली. तंगूस तर्जनीवरून सोडायची आणि गप्प बसायचं. पहिला अर्धा तास मी बोटाकडे टक लावून बघत होते. नंतर कधी बघायचं सोडलं ते कळलं नाही. शिसं तळाला टेकल्याचं कळायला लागलं. पाण्याचा ताण वेगळा आणि काहीतरी चोच मारल्यासारखं टकटक करतंय ते वेगळं, हे बोटाला समजायला लागलं. समोरच्या फांदीवर खंड्या बसला होता. त्याने तीन वेळा सूर मारला, तीनदा रिकाम्या चोचीने परत आला आणि पुन्हा त्याच फांदीवर बसला. त्याला कुणी शेरा दिला नाही.

मी विचारलं, ‘‘मामा, काहीच नाही मिळालं तर तुला कंटाळा येत नाही?’’

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘रापणीत मासो नाय गावलो तर घरात वांदे व्हायचे. तुझ्या मामीक म्हायत आसा. आता पोटाचो प्रश्न नाय. आता बसूक येतंय.’’

मी गप्प झाले. ‘फळाची अपेक्षा न करता’ वगैरे आपण फार सहज बोलतो. मामाची तीस वर्षं फळाच्या अपेक्षेत गेली होती आणि त्यात चूक काहीच नव्हतं. रापण ओढणारा माणूस रिकाम्या हाताने घरी आला, तर तो निसर्गाचा आनंद वगैरे नसतो. रिकामी पाटी घेऊन खूश असणं ही चैन आहे आणि मामाने ती उशिरा, हक्काने मिळवली. माझी चैन तर दर वीकेंडला आयती समोर असते आणि मी काय करते? तिलाही टार्गेट लावते. ट्रेक किती किलोमीटर, पुस्तकं वर्षाला किती, मासा किती किलोचा! ऑफिसात रेटिंग असणारच, पगार त्यावरच ठरतो. पण शनिवार-रविवारीही मी स्वतःच स्वतःचं अप्रेझल करत बसले होते आणि काल त्यापायीच पाणी बघायचं विसरले.

तेवढ्यात बोटाला सॉलिड हिसका बसला! मी जवळजवळ उभीच राहिले. (कयाकमध्ये हे करू नये.) ओढली तंगूस, ओढली... आणि वर आला हाताएवढा एक गोल डोळ्यांचा मासा. बघता बघता तो फुगला. फुगला म्हणजे चक्क टेनिसचा बॉल! मामा इतका हसला, की त्याची होडी डुलायला लागली. ‘‘केंड! केंड गावलो!’’ केंड म्हणजे गरीवरचं आमिष चोरण्यात पटाईत आणि खाल्ला तर विषारी. म्हणजे दोन दिवस, आठशे-हजार किलोमीटरचा येऊन-जाऊन प्रवास आणि चार हजारांचा रॉड यांच्या बदल्यात माझी एकूण कमाई, एक विषारी चेंडू. मामाने त्याच्या दातांपासून बोटं सांभाळत गरी सोडवली आणि त्याला पाण्यात सोडलं. क्षणभर तो उलटा तरंगला, मग हवा सोडून सूं पळाला.

मामाला काय मिळालं? काहीच नाही. दुपारी पाणी फिरलं. आम्ही फारसं न वल्हवता त्याच्याबरोबर घरी आलो.

सोमवारी बॉसने विचारलं, ‘‘काय मग, किती पकडले?’’

‘‘एक,’’ मी म्हटलं. ‘‘तोही सोडून दिला.’’

त्याला काही कळलं नाही. माझं रेटिंग अजून तीनच आहे. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात मी एचआरशी नीट भांडणार आहे, कारण ती माझी रापण आहे. पण टेबलाच्या खणात लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली मामाची तंगूस आहे. तिच्यासाठी मी कुठलीही एक्सेल शीट उघडलेली नाही. कॅलेंडरवर फक्त पुढच्या अष्टमीच्या आसपासचा शनिवार रंगवून ठेवलाय.

तुमचा कुठला?

निघण्यापूर्वी

- लाइफ जॅकेट घालायचं म्हणजे घालायचं. पोहता येत असलं तरी! एकट्याने जाऊ नका. आणि खाडीच्या तोंडाशी कधीच नाही.
- भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा, पण शेवटचा शब्द तिथल्या मच्छीमाराचा.
- पावसाळ्यात घरी बसा. यांत्रिक बोटींनाही १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. माशांनाही सुटी हवीच की!
- धरणावर गळ टाकायचा असेल तर आधी विचारा. बऱ्याच जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थांकडे असतो.
- मुंबईकरांसाठी पवईला ‘महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन’ ही गळवाल्यांची जुनी संस्था आहे. पवईत मगरी आहेत, त्यामुळे गळ काठावरूनच टाका. वल्ही मारायची हौस दुसरीकडे!
- कांदळवन बघायचंय पण हात दुखवायचे नाहीत? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफारी आहे.
- लहान मासा सोडून द्या. धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर त्याला जपतो.
- आणि हो, येताना बाजारातून बांगडे घ्या. मामी चुकीचं सांगत नाही.