सत्तरच्या दशकातील गाण्यांचा 'सुवर्णकाळ' कोणी ठरवला? (थ्रेड)

१/ चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी बसची वाट पाहत उभे राहिले की चहाच्या टपरीवर सत्तरच्या दशकातील गाणी हमखास कानावर येतात. शेजारचे कोणीतरी म्हणतेच, "गाणी तेव्हाचीच! आता राहिलंय काय?" ती गाणी मलाही प्रिय आहेत, पण हा निवाडा मला मान्य नाही. तो ज्या पुराव्यावर उभा आहे, त्याची चिकित्सा आपण कधी केलेलीच नाही.

२/ १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाविरुद्ध चाकणचा किल्ला झुंजवला. त्या वेढ्याविषयी वाचताना आपण लगेच विचारतो: हे कोणी लिहिले? मोगलांच्या बाजूने की मराठ्यांच्या? त्याच काळी की पुढे शंभर वर्षांनी? गाण्यांच्या लोकप्रियतेची यादी हेही एक साधनच आहे. मग तिला हे प्रश्न का विचारू नयेत?

३/ आधी पार्श्वभूमी. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा कैवार घेणाऱ्या या पुणेकर मंत्र्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तेथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' काढली, ती हे गेलेले श्रोते परत आणण्यासाठी. १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या.

४/ म्हणजे सत्तरच्या दशकात सामान्य श्रोत्यापुढे मोजकेच पर्याय होते: आकाशवाणीची केंद्रे, विविध भारती आणि सिलोन. गीतमालेतील क्रमांक मुख्यतः तबकड्यांचा खप आणि श्रोता संघांची पत्रे यांवरून ठरत. तबकडी घ्यायची तर घरी ग्रामोफोन हवा. ज्यांच्याकडे जेमतेम एक ट्रान्झिस्टर होता, त्यांची आवड या खपात कोठून उतरणार?

५/ पत्रांचेही तसेच. झुमरी तलैया हे तेव्हाच्या बिहारमधील अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे छोटे गाव. तेथून फर्माइशींची इतकी पत्रे जात की त्याचे नाव देशभर घरोघरी पोहोचले. याचा अर्थ संगीताची जाण त्याच गावात एकवटली होती, असा नाही. तेथे पत्र लिहिणारे हौशी लोक होते, एवढेच. ज्याने लिहिले तो इतिहासात आला. ज्याने नुसते ऐकले, तो आला नाही.

६/ आता यादी आणि आजची स्मृती ताडून पाहा. १९७२ च्या वार्षिक यादीत पहिले आले ते 'हरे रामा हरे कृष्णा'तील गाणे. राहुलदेव बर्मन यांचे संगीत, भूपिंदर सिंग यांची गिटार. रॉकचा नाद आपल्याकडील बहुसंख्य कानांवर पडला तो असा, हिंदी चित्रपटाच्या दारातून. पण त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या 'पाकीझा'ला हे अग्रस्थान मिळाले नाही. 'शोले'तील एकही गाणे वर्षाचे पहिले गाणे ठरले नाही. आज 'अभिजात' म्हणून आपण जे मिरवतो, त्यावर त्या काळाने तसे शिक्कामोर्तब केलेले नव्हते.

७/ याउलट १९७५ चे सरताज गीत कोणते? 'रोटी कपडा और मकान'मधील महागाईवरचे! १९७२ चा दुष्काळ, १९७३ चे तेलसंकट, १९७४ मध्ये वीस टक्क्यांच्या पुढे गेलेली भाववाढ आणि रेल्वेचा संप. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या श्रोत्याला ते गाणे आपले वाटले. आजच्या 'सदाबहार' कार्यक्रमांत मात्र ते माझ्या कानावर क्वचितच येते. प्रेमगीते उरली, रांगा गळाल्या. सुवर्णकाळ घडतो तो अशा गाळणीतून.

८/ शिवाय ही गाळणी नेहमीच निरागस नव्हती. आणीबाणीत सरकारी कार्यक्रमाशी सहकार्य करण्यास किशोरकुमार यांनी नकार दिला. मे १९७६ पासून आणीबाणी संपेपर्यंत आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्यांचा आवाज बंद झाला. त्या महिन्यांत आकाशवाणीवर काय लोकप्रिय होते, हे सांगताना काय ऐकूच दिले नव्हते, तेही सांगावे लागेल.

९/ हा केवळ आपलाच रोग नाही. अमेरिकेत 'क्लासिक रॉक' हा रेडिओचा साचा रूढ झाला तो १९८० च्या दशकात, म्हणजे ती गाणी गाजून गेल्यानंतर. डिस्कोही त्याच सत्तरच्या दशकातले, पण या साच्यात त्याला फारसे स्थान मिळाले नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या जाहीरपणे स्फोटाने उडवण्यात आल्या. कृष्णवर्णीय आणि समलिंगी श्रोत्यांनी वाढवलेले ते संगीत होते, हा योगायोग मानणे कठीण आहे.

१०/ आता आपल्या भागाकडे या. तेव्हा चाकणला आजची औद्योगिक वसाहत नव्हती, कांद्याचा बाजार होता. कारखाने होते पिंपरी-चिंचवडला: हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज. 'पिंजरा' (१९७२) आणि 'जैत रे जैत' (१९७७) याच दशकातील. रेडिओवर 'आपली आवड' होती, मुंबई केंद्राची 'कामगार सभा' होती. पण पाळी संपवून खोलीवर परतणारा कामगार यांतले काय मन लावून ऐके आणि कशाला कान बंद करी, हे कोणत्याही क्रमवारीतून कळत नाही.

११/ त्याहून मोठी पोकळी बायकांच्या गाण्यांची आहे. विजेवरची पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि त्याबरोबर ओवी म्हणण्याचे निमित्तही सरले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुढे गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्या आज वाचता-ऐकता येतात. त्या कोणत्याही गीतमालेत कधी नव्हत्या. मग त्या 'सत्तरच्या दशकातील गाणी' नव्हेत काय?

१२/ कोणी म्हणेल, काळाची चाळणी चांगलेच राखते. काही अंशी खरे आहे. 'जैत रे जैत' टिकले ते महानोरांच्या शब्दांच्या आणि हृदयनाथांच्या चालींच्या बळावर, हे मी नाकारणार नाही. पण काळाच्या चाळणीला हात असतात: कंपनीचे, मंत्र्याचे, निवेदकाचे. टिकले ते सगळेच थोर नसते आणि विरले ते सगळेच क्षुद्र नसते.

१३/ मग वडीलधाऱ्यांची हळहळ खोटी का? नाही. पर्याय थोडे असल्याने बुधवारी रात्री आठला अख्खी आळी एकच कार्यक्रम ऐके. ते त्या एकत्र ऐकण्याविषयी बोलत असतात आणि आपण ते गाण्याच्या दर्जाचे प्रमाणपत्र समजतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर दोहोंनाही न्याय मिळेल.

१४/ म्हणून एक विनंती. त्या काळी विशीत असलेली माणसे आज सत्तरीत आहेत. घरातल्या आजी-आजोबांना 'आवडते गाणे कोणते?' एवढेच विचारू नका. रेडिओ कोणाचा होता, तो कोठे ठेवलेला असे, खुंटी कोणाच्या हाती होती, स्वयंपाकघरात आवाज पोहोचायचा का, हे विचारा. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून ठेवा. आपल्या पट्ट्यातील श्रोत्यांचा इतिहास अजून लिहिला जायचा आहे आणि त्याचे साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत.