सर्व्हर अपग्रेड झाला आणि डिस्क अडकली: नेमकं काय बिघडतं?

'सर्व्हर डाउन आहे, नंतर या.' हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. यातल्या काही वेळा सर्व्हर बंद नसतोच. तो चालू असतो, लॉगिनही होतं, फक्त नवी नोंद सेव्ह होत नाही.

व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्यानंतर कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. त्यामुळे कंपन्यांपुढे दोनच वाटा उरतात: नव्या आवृत्तीवर जाणं किंवा दुसरा हायपरव्हायजर घेणं.

हायपरव्हायजर म्हणजे एका मोठ्या मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. या संगणकांचं नेटवर्क कार्डही आभासी असतं. मात्र त्यांची डिस्क बऱ्याचदा त्या मशीनमध्ये नसते. ती वेगळ्या स्टोरेजवर असते आणि आयस्कझी किंवा एनएफएसद्वारे नेटवर्कवरूनच वापरली जाते. म्हणजे नेटवर्क अडखळलं की डिस्कही अडखळते.

वेबपेज दोन सेकंद उशिरा उघडलं तर आपण पुन्हा रिफ्रेश करतो. डिस्कचं तसं नाही. लिनक्स डिस्कच्या उत्तरासाठी सहसा ३० सेकंद थांबतं. उत्तर आलं नाही की एरर येते आणि डेटा बिघडू नये म्हणून फाइल सिस्टिम 'फक्त वाचा' अवस्थेत जाऊ शकते. नोंद सेव्ह न होण्याचं कारण हे. पूर्ण तुटलेली लिंक त्यामानाने बरी, कारण काम दुसऱ्या मार्गावर जातं. सतत तुटणारी-जुळणारी लिंक जास्त छळते.

अपग्रेडनंतरच हे का? पहिला संशयित ड्रायव्हर. २०२० मध्ये आलेल्या ईएसएक्सआय ७ ने जुन्या पद्धतीचे लिनक्स ड्रायव्हर काढून टाकले, काही जुनी कार्डं त्यातच निकामी ठरली. पुढे ७.० अपडेट ३ मध्ये इंटेलच्या नेटवर्क ड्रायव्हरचं नाव बदललं. एकाच मशीनवर दोन ड्रायव्हरांची टक्कर होऊ लागली. इतरही दोष निघाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने ते अपडेटच मागे घेतलं. दुरुस्त आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये आली.

दुसरा संशयित पॅकेटचा आकार. स्टोरेजसाठी ९००० बाइटची मोठी पॅकेट वापरतात. मधल्या एखाद्या स्विचवर जुनीच मर्यादा राहिली, तर छोटा पिंग जातो आणि मोठा डेटा अडतो. मग नेटवर्कवाले म्हणतात 'आमचं ठीक आहे' आणि स्टोरेजवालेही तेच. तुकडे न करता ८९७२ बाइटचा पिंग पाठवला की हा वाद बहुधा पाच मिनिटांत मिटतो.

मग अपग्रेड टाळावं? हा सल्ला धोक्याचा आहे. जुलै २०२५ मध्ये व्हीएमएक्सनेट३ या आभासी कार्डातच १० पैकी ९.३ तीव्रतेची त्रुटी जाहीर झाली. आभासी संगणकात अॅडमिन अधिकार मिळवलेला हल्लेखोर तिच्याद्वारे मूळ मशीनपर्यंत पोहोचू शकत होता. पॅच लावणं भागच होतं.

शहाणपणाची रीत कंटाळवाणी आहे. हार्डवेअर सुसंगततेची यादी आधी तपासायची, एकच होस्ट रिकामा करून अपग्रेड करायचा आणि काही दिवस स्टोरेजचे लॉग पाहायचे. आभासी संगणकांची हार्डवेअर आवृत्ती मात्र लगेच वाढवू नये. ती वाढवली की जुन्या होस्टवर परतण्याचा रस्ता बंद होतो.