रोवणीला जाणार का, ते आधी विचारा

गुडघा बदलल्यावर पेशंट समाधानी राहील की नाही, हे आधी सांगता येतं का? ‘का नाही?’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ. एक्स-रे पाहा, वय, वजन, साखर तपासा, सांधा नीट बसवा. एवढ्यावरही तक्रार उरली तर ती पेशंटच्या मनातली!

हे म्हणणं एक्स-रेवरच आपटतं. ज्यांचं हाड हाडाला घासतंय ते पेशंट ऑपरेशननंतर जास्त खूश असतात आणि झीज कमी असलेल्यांचीच कुरकुर अधिक. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सुमारे १७०० ऑपरेशनांची पाहणी झाली. २०१० साली ती छापून आली. त्यात १९ टक्के पेशंट समाधानी नव्हते. सगळ्यांत वजनदार कारण निघालं अपेक्षाभंगाचं. त्यानं असमाधानाचा धोका दहापटीहून अधिक वाढत होता. पण अपेक्षाभंग कळतो ऑपरेशननंतर. भाकीत करायचं तर अपेक्षा आधी विचारायला हवी, आणि घोडं तिथंच पेंड खातं.

लाखांदूरची बाई टोंगळे धरून नागपूर गाठते. जगभर वापरली जाणारी ऑक्सफर्डची बारा प्रश्नांची यादी तिला मोटारीतली चढउतार विचारते, बाजारहाट विचारते. गुडघे टेकून उठता येतं का, तेही विचारते. उकिडवं बसण्याचा, मांडी घालण्याचा प्रश्न त्या यादीत नाही. आणि हिचा पावसाळा कसा? आधी उकिडवं बसून भाताचे पऱ्हे उपटायचे, मग बांधीत वाकून मागं मागं सरकत रोवायचे, दर पावलाला चिखलात रुतलेली टाच ओढून काढायची. बदललेला गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. पूर्ण उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं. दुखणं गेलं, एक्स-रे देखणा आला, पण बाकीच्या बाया बांधीत आणि ही धुऱ्यावर उभी. हिला कोणत्या रकान्यात बसवणार?

‘इतकं सांगितलं तर बाया घाबरून ऑपरेशनच टाळतील,’ असं एक उत्तर येतं. म्हणजे अंधारात ठेवून टेबलावर घ्यायचं? ‘टोंगळा बदलला की माणूस खाटेला लागते’ ही गावातली हाकाटीही तितकीच खोटी. पाचांपैकी चार जण समाधानी असतात. वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलले, एक २००० साली, दुसरा २००१ साली. पुढं २००४ पर्यंत ते पंतप्रधान होते. अर्थात, त्यांना रोवणीला जायचं नव्हतं!

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला, त्यामुळे हे ऑपरेशन आणखी घरांच्या आवाक्यात आलं. म्हणूनच डॉक्टरांना विनंती, तारीख देण्याआधी केसपेपरवर दोन गोष्टी मराठीत लिहा: या बाईला परत काय करायचंय आणि त्यातलं काय जमणार नाही. पेशंटच्या पोरासोरांनीही फॉर्मवर अंगठा उठवण्याआधी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवावं.