नौकेचा जमाखर्च

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांची नौकाशर्यत प्रथम १८२९ साली झाली. आजही ती वसंत ऋतूत लंडनच्या टेम्स नदीवर होते, विजेत्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. ज्याने वर्षभर मंडळाचा जमाखर्च सांभाळला, त्या खजिनदाराचे नाव मात्र कोणाच्या ध्यानी राहत नाही. आमच्या वाचकांची मुलेमुली आता देशोदेशींच्या विद्यापीठांत शिकावयास जातात. त्यांच्यापैकी कोणाकडे हे काम केव्हा येईल, ते सांगता येत नाही. म्हणून आज त्याच्या कामाविषयी.

आठ वल्हेकरी आणि सुकाणूवर नववा, अशी ही मोठी नौका सुमारे १८ मीटर लांब असते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तिचे वजन किमान ९६ किलो भरावे लागते. म्हणजे लांबी एवढी, आणि वजन जेमतेम एका धिप्पाड माणसाचे. कार्बन तंतूंचे तिचे पातळ अंग वेगासाठी उत्तम, पण धक्क्यास नाजूक. १९८४ साली मुख्य शर्यतीपूर्वीच्या सरावात केंब्रिजची नौका नांगरलेल्या पडावावर आदळून मोडली आणि शर्यत दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागली. असे अपघात क्वचितच होतात. परंतु नौकाघरातून बाहेर काढताना टोक भिंतीस घासणे, सरकत्या बैठकीची चाके झिजणे, वल्ह्याचे पाते चिरणे हे नित्याचेच. विमा व दुरुस्ती हे खर्च म्हणूनच कधी चुकत नाहीत.

खरी अडचण निराळीच आहे. विद्यार्थी विद्यापीठात तीन-चार वर्षे राहतो. नौका नीट वापरली तर दहा-बारा वर्षे टिकते. जो ती विकत घेतो तो तिची अखेर पाहत नाही, आणि जिची अखेर होते ती ज्याच्या माथी येते त्याने तिची खरेदी पाहिलेली नसते. समजा, नौकेस ३६,००० पौंड पडले आणि १२ वर्षांनी ती ६,००० पौंडांस विकली गेली. उरलेले ३०,००० पौंड १२ वर्षांवर वाटले, की दरसाल २,५०० पौंड घसारा होतो. मंडळात ५० सभासद असतील, तर प्रत्येकामागे ५० पौंड. ही रक्कम दरवर्षी बाजूस पडली, तरच नव्या नौकेची पायाभरणी होते. महागाईसाठी वर आणखी थोडे टाकावे लागते ते वेगळेच.

मोह पडतो तो येथेच. शिल्लक दिसली की नवे गणवेश हवेसे वाटतात, मेजवानी सुचते, वर्गणी कमी करून लोकप्रिय होण्याची इच्छा होते. उलटपक्षी, वर्गणी फार वाढवली तर गरीब घरचा गुणी वल्हेकरी दाराशीच थांबतो. पैसा कोठे जातो, यावर पाण्यात कोण उतरणार ते ठरते. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या महिलांची शर्यत २०१५ साली प्रथमच पुरुषांच्याच दिवशी, त्याच ६.८ किलोमीटरच्या मार्गावर झाली. त्यामागे त्या मुलींचे कष्ट तर होतेच. पण महिलांसही समान निधी देणारा पुरस्कर्ता लाभला, हेही विसरता येत नाही.

चोख कारभाराचे नियम साधे आहेत. प्रत्येक नौकेस व वल्ह्यास क्रमांक असावा. मोडतोड झाली त्याच दिवशी ती वहीत नोंदली जावी, आणि खरे सांगणाऱ्यास त्याबद्दल दटावू नये, अन्यथा पुढील चीर लपवली जाईल. बँकेच्या व्यवहारास दोन सह्या असाव्यात. नौकेसाठी आलेली देणगी प्रवासखर्चात मिसळू नये. वर्ष संपताना जुन्या व नव्या खजिनदाराने नौकाघरात उभे राहून वहीतील वस्तू प्रत्यक्ष मोजून घ्याव्यात. कारण कागदावर बारा वल्ही आणि फळीवर दहा, ही तफावत एका वर्षात सापडते, पाच वर्षांनी सापडत नाही.

ही परंपरा आपल्यालाही परकी नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून मुळा नदीच्या काठी आहे, त्याचे काम विद्यार्थीच पाहत आले आहेत. ते महाविद्यालय २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले. आणि नदीच कशाला हवी? परप्रांतांतील आपल्या मंडळांत गणपतीची मखरे, लेझमी, तबला-पेटी, ग्रंथालयाची कपाटे आहेतच. ती आपल्या आधीच्या कोणी पैसा पैसा जमवून घेतली. पेटीच्या दुरुस्तीसाठी, नव्या पुस्तकांसाठी या वर्षी आपण किती बाजूस ठेवले, एवढे येत्या वार्षिक सभेत कोणी विचारले तरी पुष्कळ झाले.