विषय ठरला नसतां कॉलेज कोणतें?

बारावीचा निकाल लागला कीं घरोघर एकच प्रश्न : "पुढें काय घेणार?" आजोबा, काका, आत्या यांचीं मतें निरनिराळीं, आणि ज्याला अथवा जिला शिकावयाचें तें मूल मात्र खालीं मान घालून म्हणतें, "अजून ठरलें नाहीं." या उत्तरास आळस समजून वडील मंडळी आपलाच निर्णय लादतात, आणि मग उमेदीचीं तीन-चार वर्षें व घरचा पैसा नावडत्या विषयांत खर्ची पडतो.

वस्तुतः अठराव्या वर्षीं आवड निश्चित नसणें हा दोष नव्हे. इरावतीबाई कर्वे १९२६ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या, पुढें मुंबईस समाजशास्त्राकडे वळल्या, आणि १९३० सालीं बर्लिनची डॉक्टरेट मिळवून मानववंशशास्त्रांत विख्यात झाल्या. त्यांचें तत्त्वज्ञान वायां गेलें असें कोण म्हणेल?

तेव्हां विषय ठरला नसेल तर जेथें तो पारखावयास व बदलावयास वाव आहे असें कॉलेज शोधावें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोहोंनंतर पदविका, तिहींनंतर पदवी व चार वर्षांनीं ऑनर्स अशी सोय कल्पिली आहे. मिळविलेले श्रेयांक जमा ठेवण्याचीहि व्यवस्था आहे. परंतु धोरणांतील मोकळीक प्रत्येक कॉलेजांत सांपडेलच असें नाहीं. जेथें मुळांत दोन-तीनच विषयांचे अध्यापक आहेत, तेथें निवड नांवापुरतीच.

म्हणून प्रवेशापूर्वीं मुलास बरोबर नेऊन चार गोष्टी विचाराव्या. माहितीपत्रकांतील विषयांपैकीं यंदा प्रत्यक्ष किती शिकविले जातात? मुख्य विषय कोणत्या सत्रांत कायम करावा लागतो? तो बदलल्यास आधींचे श्रेयांक धरतात, कीं वर्ष बुडतें? दुसऱ्या विषयाच्या तासास बसूं देतात काय? हीं उत्तरें कचेरींतून तर घ्यावींच, पण तेथेंच शिकणाऱ्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडूनहि पडताळून घ्यावीं.

वैद्यक व अभियांत्रिकी या वाटा मात्र एकदां धरल्यावर सोडणें फार महाग पडतें. "कांहीं ठरलें नाहीं, तर तेंच घे" हा सल्ला म्हणूनच घातक होय.

प्रवेश झाल्यावर वडील मंडळींनीं एक पथ्य पाळावें. वर्षभर "पुढें काय?" हा प्रश्न बाजूस ठेवून, "या आठवड्यांत कोणत्या तासाला मन रमलें?" एवढेंच विचारावें. विषयाची निवड बहुधा त्या उत्तरांतूनच होते.